संगणक, ध्वनियंत्रणा आणि बोलीचा अभ्यासक

भाषाविज्ञानाच्या पदव्युत्तर वर्गात बोलींची ध्वनिमुद्रणे ऐकविणे ही आता नित्याची गोष्ट झाली आहे. ही मुद्रणे आज संगणकात असतात, आणि पंचवीस-तीस विद्यार्थ्यांना ती एकाच वेळी ऐकवावयाची तर संगणक हा अ‍ॅम्प्लिफायर व स्पीकर यांच्या यंत्रणेशी जोडावा लागतो. हे काम आपण बहुधा ज्याला ‘त्यातले कळते’ अशा एखाद्या विद्यार्थ्यावर सोपवितो. आवाज ऐकू आला म्हणजे जोडणी बरोबर झाली, अशी आपली समजूत असते. प्रस्तुत लेखकाचीही तशीच समजूत होती. नागपूर जिल्ह्यातील खापरखेडा येथील मुद्रणांवर काम करताना ती सोडून द्यावी लागली. तो प्रसंग पुढे यथास्थळी येईल.

उच्च-विभेदन ध्वनी, म्हणजे बाजारात ज्याला ‘हाय-रेझ’ म्हणतात तो, संगणकातून हाय-फाय यंत्रणेपर्यंत कसा पोहोचतो, वाटेत त्याचे काय होऊ शकते, आणि बोलीच्या अभ्यासकाला त्यातील कोणत्या गोष्टींची खरोखर गरज आहे, एवढाच या लेखाचा विषय आहे. यंत्रशास्त्राचे पूर्वज्ञान येथे गृहीत धरलेले नाही.

१. ध्वनीचे आकड्यांत रूपांतर

ध्वनी म्हणजे हवेच्या दाबातील सलग चढउतार होत. मायक्रोफोन या चढउतारांचे विद्युत्दाबाच्या चढउतारांत रूपांतर करतो. संगणकाला सलग राशी साठविता येत नाही. म्हणून या विद्युत्दाबाचे ठरावीक अंतराने मोजमाप करून ते आकड्यांच्या रूपाने नोंदविले जाते. एका सेकंदात किती वेळा मोजमाप केले, त्यास नमुनादर म्हणतात. आणि प्रत्येक मोजमाप किती द्विमान अंकांत लिहिले, त्यास बिटसंख्या म्हणतात. १९८२ मध्ये बाजारात आलेल्या काँपॅक्ट डिस्कसाठी सेकंदास ४४,१०० नमुने व १६ बिट हे प्रमाण ठरले. याहून सूक्ष्म मोजमापाच्या, सामान्यतः २४ बिट आणि ९६,००० किंवा १,९२,००० नमुने अशा प्रमाणाच्या मुद्रणास उच्च-विभेदन ही संज्ञा लावतात.

येथे एक गैरसमज आरंभीच दूर केला पाहिजे. दोन नमुन्यांच्या मध्ये असलेला ध्वनी हरवतो आणि म्हणून नमुने जितके दाट तितका ध्वनी अधिक पूर्ण, असे पुष्कळांना वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. हॅरी नायक्विस्ट यांनी १९२८ मध्ये मांडलेल्या आणि क्लॉड शॅनन यांनी १९४९ मध्ये सिद्धतेसह प्रसिद्ध केलेल्या सिद्धान्तानुसार, एखाद्या ध्वनीतील सर्वांत उच्च कंप्रतेच्या दुपटीहून अधिक दराने नमुने घेतले, तर त्या नमुन्यांवरून मूळ सलग तरंग तंतोतंत परत उभा करता येतो. ४४,१०० या दराने २२,०५० हर्ट्झपर्यंतचा सर्व ध्वनी पकडता येतो. निरोगी तरुण कानाची मर्यादा सुमारे २०,००० हर्ट्झ असते व वयाबरोबर ती खाली येते. म्हणजे ऐकण्याच्या दृष्टीने काँपॅक्ट डिस्कचा नमुनादर अपुरा नाही. अधिक दराचा खरा लाभ असा की, मर्यादेवरील कंप्रता गाळून टाकण्यासाठी जी गाळणी लावावी लागते, ती कमी तीव्र उताराची असली तरी चालते.

बिटसंख्येचा संबंध ध्वनीच्या लहानमोठेपणाच्या व्याप्तीशी आहे. एक बिट वाढला की ही व्याप्ती सुमारे ६ डेसिबेलने वाढते. १६ बिटांत ती सुमारे ९८ डेसिबेल, तर २४ बिटांत गणिताने सुमारे १४६ डेसिबेल होते. प्रत्यक्षात विद्युत्-घटकांतील उष्णताजन्य खरखर आड येते, आणि उत्तम परिवर्तकांतही २०-२१ बिटांपलीकडे काही हाती लागत नाही. शांत खोलीतील आवाजाची पातळी सुमारे ३० डेसिबेल आणि साध्या संभाषणाची सुमारे ६० डेसिबेल असते, हे लक्षात घेतल्यास ऐकण्यासाठी १६ बिट पुरेसे आहेत, हे उघड आहे.

मग २४ बिटांचा उपयोग कशात? तो मुद्रण करताना आहे. क्षेत्रकार्यात वक्ता कोणत्या क्षणी आवाज चढवील हे आपल्याला ठाऊक नसते. हळू आवाजात गोष्ट सांगणारी आजी मध्येच खळखळून हसते, आणि पातळी आधीच वर ठेवलेली असेल तर त्या ठिकाणी मुद्रण फाटते. २४ बिटांत पातळी २० डेसिबेल खाली ठेवूनही पुरेशी सूक्ष्मता शिल्लक राहते. अशा रीतीने बिटसंख्येचा अधिकपणा हा मुद्रण करणाऱ्याच्या पदरी पडतो. ऐकणाऱ्याला तो केवळ सुरक्षितपणे मिळालेला असतो.

२. मराठी ध्वनींची गरज

आता आपल्या विषयाकडे वळू. मराठीच्या ध्वनिव्यवस्थेतील भेद कोणत्या कंप्रतांवर अवलंबून आहेत?

नागपुरी-वऱ्हाडी बोलींचे सुपरिचित लक्षण म्हणजे ‘ळ’च्या ठिकाणी ‘य’: डोळ्याला डोया, काळ्याला काया, फळाला फय. मूर्धन्य पार्श्विक आणि तालव्य अर्धस्वर यांतील हा भेद मुख्यतः दुसऱ्या व तिसऱ्या स्वनाकाराच्या स्थानावर अवलंबून असतो, आणि ही स्थाने साधारणतः ३,००० हर्ट्झच्या आत येतात. जुन्या पद्धतीच्या दूरध्वनीवर ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच ध्वनी जात असे. तरीही डोळा आणि डोया यांतील फरक दूरध्वनीवर ऐकू येण्यास अडचण पडत नसे.

च-वर्गाची गोष्ट निराळी आहे. ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा. ‘जरा’ म्हणजे वार्धक्य आणि ‘जरा’ म्हणजे थोडे. ‘चार’ ही संख्या आणि गुरे चारण्याच्या आज्ञेतील ‘चार’. या जोड्यांत पहिला ध्वनी तालव्य व दुसरा दन्त्य आहे. देवनागरी लेखनात हा भेद दाखविला जात नाही. तो केवळ उच्चारात आणि कानात जिवंत आहे. या स्पर्शसंघर्षी ध्वनींतील घर्षणाचा भाग पाहिला, तर तालव्य ध्वनीत घर्षणाचा जोर सुमारे २,५०० ते ४,५०० हर्ट्झच्या परिसरात, तर दन्त्य ध्वनीत त्याहून बराच वर, ५,००० ते ८,००० हर्ट्झ आणि त्यापलीकडे आढळतो. शेजारच्या स्वराच्या स्वनाकारांतील संक्रमणावरूनही भेदाची काही खूण मिळते. तथापि घर्षणाची जागा ही प्रमुख खूण होय. दूरध्वनीच्या मर्यादेत ती जवळजवळ पूर्णपणे कापली जाते, आणि श्रोता संदर्भावरून अर्थ लावून वेळ मारून नेतो.

यावरून आपल्या गरजेची मर्यादा आखता येते. मराठीच्या कोणत्याही ध्वनिभेदाला १६,००० हर्ट्झपलीकडे जावे लागत नाही. ४४,१०० वा ४८,००० नमुनादर सर्व भेदांना पुरतो, आणि ९६,००० हा दर दीर्घकालीन जतनासाठी ठेवावयाचा असल्यास तोही सोयीचा आहे. एकमार्गी, २४ बिट, ९६,००० दराच्या एका तासाच्या मुद्रणास सुमारे १.०४ गिगाबाइट जागा लागते. १,९२,००० दरास त्याच्या दुप्पट. या दुपटीने बोलीविषयी नवीन काहीही कळत नाही.

वर सांगितलेल्या मर्यादेची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. मुद्रणाच्या क्षणी जे हरवले ते पुढे कितीही सूक्ष्म मोजमाप करून परत येत नाही. जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला. आणि त्या सर्वेक्षणाच्या अनुषंगाने १९१३ ते १९२९ या काळात भारतीय भाषा व बोली यांच्या ग्रामोफोन तबकड्या तयार झाल्या. शिकागो विद्यापीठाच्या अंकीय ग्रंथालयाने त्या आज सर्वांना ऐकण्यासाठी उपलब्ध केल्या आहेत. विद्युत्-मुद्रणाची पद्धत १९२५ पासून व्यवहारात आली. त्यापूर्वीच्या तबकड्या कर्ण्यासमोर बोलून केलेल्या आहेत, आणि त्यांत अडीच-तीन हजार हर्ट्झच्या वरचा ध्वनी फारसा उतरलेला नाही. अशी तबकडी १,९२,००० दराने संगणकात घेतली तरी तीतून ‘च’चा दन्त्य-तालव्य भेद खात्रीने निश्चित करता येणार नाही. हातात येईल ती खरखरीची अधिक सूक्ष्म नोंद. उच्च-विभेदन हा शब्द फाइलीच्या नावापुढे लागला म्हणजे आतला ध्वनी उच्च दर्जाचा झाला, असे समजू नये.

३. संगणकाच्या आत

फाइल चांगली असली तरी ती यंत्रणेपर्यंत जशीच्या तशी पोहोचेल याची खात्री नसते. याचे कारण संगणकाच्या कार्यप्रणालीत आहे. संगणकावर एकाच वेळी अनेक कार्यक्रम आवाज करीत असतात: एकीकडे मुद्रण चालू असते, दुसरीकडे पत्र आल्याची घंटी वाजते. हे सर्व आवाज एकत्र करून बाहेर पाठविण्यासाठी कार्यप्रणालीत एक मिश्रक असतो, आणि तो सर्वांना एकाच नमुनादरावर आणतो. हा दर ४८,००० असा ठरविलेला असेल आणि आपली फाइल ४४,१०० ची असेल, तर प्रत्येक १४७ नमुन्यांच्या जागी १६० नवे नमुने गणिताने तयार केले जातात. फाइल ९६,००० ची असेल तर तिचा वरचा अर्धा भाग गाळला जातो. हे गणित हल्ली बहुधा चांगले केलेले असते. पण ते होत आहे हे आपल्याला ठाऊक नसते, आणि विभागाच्या कामात आक्षेपार्ह आहे ते हेच.

यावर उपाय सोपे आहेत. विंडोज प्रणालीत मिश्रकाला वगळून ध्वनियंत्राचा ताबा एकाच कार्यक्रमाला देण्याची सोय आहे. तिला ‘एक्सक्लुझिव्ह मोड’ म्हणतात. स्टाइनबर्ग कंपनीची ‘अ‍ॅसिओ’ पद्धतही त्याच हेतूची आहे. मॅक प्रणालीत ‘ऑडिओ मिडी सेटअप’ या कार्यक्रमात नमुनादर हाताने ठरविता येतो. लिनक्समध्ये ‘अल्सा’मार्फत ध्वनियंत्राशी थेट संबंध जोडता येतो. यांपैकी जो मार्ग उपलब्ध असेल तो घ्यावा, आणि घंटी इत्यादी सूचनाध्वनी बंद करावेत.

याच ठिकाणी ध्वनिसंक्षेपाचाही विचार केला पाहिजे. ‘फ्लॅक’ हा २००१ मध्ये आलेला प्रकार फाइलीचा आकार पुष्कळ कमी करतो, परंतु उलगडल्यावर प्रत्येक आकडा मूळचाच मिळतो. ‘एम.पी.थ्री.’ या प्रकारात मात्र कानाला बहुधा जाणवणार नाही असे मानलेले अंश कायमचे टाकून दिले जातात. संगीत ऐकणाऱ्याला हा व्यवहार परवडतो. संघर्षी ध्वनींचा वर्णपट मोजणाऱ्याने तो करू नये; कारण टाकलेला अंश कोणता, हे ठरविणाऱ्याच्या समोर दन्त्य ‘च’ नव्हता.

४. जोडणीचे मार्ग

संगणकातील आकडे शेवटी विद्युत्दाबात बदलावेच लागतात. हे काम करणाऱ्या घटकास अंक-सदृश परिवर्तक, व्यवहारात ‘डी.ए.सी.’ किंवा ‘डॅक’, म्हणतात. हा परिवर्तक कोठे ठेवावयाचा, हाच जोडणीतील मुख्य प्रश्न आहे.

पहिला मार्ग संगणकाच्या हेडफोनच्या छिद्रातून तार काढून अ‍ॅम्प्लिफायरला देण्याचा. येथे संगणकाच्या आतील परिवर्तक वापरला जातो. तो अलीकडे पुष्कळ सुधारला आहे. परंतु चहूबाजूंनी प्रोसेसर, पंखा आणि विद्युत्पुरवठा यांच्या गलबल्यात बसलेला असल्याने त्यात कधी कधी बारीक किरकिर मिसळते. उंदीर हलविला की बदलणारा आवाज ही त्याची ओळखण्याची खूण.

दुसरा मार्ग यू.एस.बी. तारेने जोडलेल्या बाहेरच्या परिवर्तकाचा. २४ बिट, १,९२,००० दराचा द्विमार्गी ध्वनी सेकंदास ९२,१६,००० बिट एवढा होतो, यू.एस.बी.च्या दुसऱ्या आवृत्तीची क्षमता सेकंदास ४८ कोटी बिट आहे, म्हणजे अडचण नाही. बऱ्याच परिवर्तकांत नमुन्यांचा ताल संगणक ठरवीत नाही. परिवर्तकातील स्वतंत्र घड्याळ ठरविते आणि संगणकाकडून आकडे त्या तालाने मागून घेते. त्यामुळे नमुन्यांच्या अंतरांतील अनियमितता कमी होते. विभागाच्या श्रवणकक्षासाठी हा मार्ग सर्वांत उचित होय.

तिसरा मार्ग प्रकाशवाहक तारेचा. हिचा उपयोग ९६,००० दरापर्यंत निर्धास्तपणे करता येतो. संगणक आणि यंत्रणा यांच्यात धातूचा संबंधच राहत नाही, हा तिचा मोठा गुण. त्याचे महत्त्व पुढील विभागात स्पष्ट होईल. ब्लूटूथचा बिनतारी मार्ग सोयीचा असला तरी त्यात सामान्यतः अंशत्यागी संक्षेप होतो. म्हणून ध्वनिविचाराच्या तासाला तो वर्ज्य मानावा.

परिवर्तकातून निघालेली तार अ‍ॅम्प्लिफायरच्या कोणत्या छिद्रात लावावयाची, येथेही चूक होते. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरवर ‘फोनो’ असे लिहिलेली जागा रिकामी दिसते आणि तार तेथे लावली जाते. ती जागा ग्रामोफोनच्या सुईकडून येणाऱ्या काही सहस्रांश व्होल्टच्या संकेतासाठी असते. तेथे संकेत सुमारे शंभरपट मोठा केला जातो आणि तबकड्यांसाठी १९५४ पासून रूढ झालेल्या प्रमाणानुसार त्याची खालची कंप्रता वाढवून वरची दाबली जाते. परिवर्तकाचा संकेत सुमारे २ व्होल्टपर्यंतचा असतो. तो तेथे दिल्यास कर्कश आणि विपरीत ध्वनी मिळतो. ‘लाइन’, ‘ऑक्स’ किंवा ‘सी.डी.’ असे लिहिलेली जागा निवडावी. संगणकातील आवाजाची पातळी पूर्ण ठेवावी आणि कमीअधिक करावयाचे ते अ‍ॅम्प्लिफायरच्या खुंटीने करावे. मात्र पहिल्यांदा सुरू करताना ती खुंटी अगदी खाली असावी.

५. खापरखेड्याची गुणगुण

आता आरंभी उल्लेखिलेला प्रसंग. सुमारे वीस वर्षांपूर्वी, संशोधक विद्यार्थी असताना, प्रस्तुत लेखकाने खापरखेडा व आसपासच्या वस्त्यांत काही वृद्ध पुरुषांची बोली कॅसेटवर मुद्रित केली होती. औष्णिक वीज केंद्र आणि कोळशाच्या खाणी यांमुळे येथे बाहेरून आलेली कुटुंबे पुष्कळ. त्यांच्या शेजारी मूळची शेतकरी बोली कितपत टिकली आहे, हे पाहण्याचा तो प्रयत्न होता. टेपरेकॉर्डर बॅटरीवर चालणारा होता. त्या मुद्रणांतील बहुतेक वक्ते आज हयात नाहीत.

पुढे या कॅसेटी संगणकात उतरविल्या. कॅसेट वाजविणारे यंत्र अ‍ॅम्प्लिफायरला, आणि अ‍ॅम्प्लिफायर तारांच्या दोन जोड्यांनी संगणकाला जोडलेला होता: एक जोडी संगणकातून ऐकण्यासाठी, दुसरी संगणकात उतरविण्यासाठी. आवाज स्वच्छ वाटला. पार्श्वभूमीला किंचित गुणगुण होती. ती पंख्याची असावी असे समजून सोडून दिली. मग एका विद्यार्थ्याने या मुद्रणांतील शब्द कापून त्यांचे वर्णपट काढले आणि एक लक्षणीय निरीक्षण मांडले: दोन स्वरांच्या मध्ये येणाऱ्या क, त, प या अघोष स्पर्शांच्या अवरोधकाळातही तळाशी कंपनाचा पट्टा दिसतो, म्हणजे या बोलीत अघोष स्पर्श अंशतः घोष होतात. निरीक्षण सुसंगत होते, प्रत्येक वक्त्याच्या बोलण्यात मिळत होते, आणि लेखाचा मसुदाही तयार झाला होता. मार्गदर्शक या नात्याने प्रस्तुत लेखकाने त्यास संमतीही दिली होती.

शंका आली ती निरीक्षणाच्या अति-सुसंगतपणामुळे. घोषत्वाचा पट्टा वक्त्याच्या सुराबरोबर वरखाली झाला पाहिजे. हा तसूभरही हलत नव्हता. कापलेले शब्द बाजूला ठेवून मूळ फाइलीत दोन वाक्यांमधील विराम पाहिला, तर तेथेही तोच पट्टा होता. वर्णपट काढण्याची कालखिडकी ०.००५ सेकंद होती, ती ०.०५ सेकंद केली, तेव्हा पट्ट्याच्या जागी तीन बारीक रेषा दिसल्या: ५०, १०० आणि १५० हर्ट्झ. ही घराघरांत येणाऱ्या विजेची कंप्रता आणि तिच्या पटी होत. खापरखेड्याच्या केंद्रातील जनित्रांचे चक्र मिनिटाला ३,००० फेऱ्या, म्हणजे सेकंदाला ५० फेऱ्या घेते. त्या गावच्या माणसांचे म्हणून आम्ही जे घोषत्व नोंदवीत होतो, ते वास्तविक विजेचे होते. पुरुषाच्या आवाजाची मूळ कंप्रता १०० हर्ट्झच्या आसपास असल्याने एकाला दुसऱ्याचे रूप घेणे सोपे गेले.

या गुणगुणीचे कारण असे. संगणक आणि अ‍ॅम्प्लिफायर दोघांनाही तीन पायांची पिन होती आणि ती खोलीच्या दोन टोकांच्या वेगवेगळ्या सॉकेटांत लावलेली होती. दोन्ही सॉकेटांच्या भूमितारा कोठेतरी एकत्र येतात. दुसऱ्या बाजूने ध्वनितारेचे बाहेरचे वेष्टनही दोन यंत्रांना जोडते. असे एक मोठे वेटोळे तयार होते. दोन सॉकेटांच्या भूमीच्या दाबात थोडासा जरी फरक असला, तरी या वेटोळ्यातून विजेच्या कंप्रतेचा प्रवाह वाहतो आणि ध्वनिसंकेतात मिसळतो. यास भूमिवलय म्हणता येईल. संगणकातून यंत्रणेकडे जाणाऱ्या ध्वनीतही ते तितकेच सक्रिय असते. फरक एवढाच की तेथे ते फक्त कानाला फसविते, आणि उलट दिशेने ते पुराव्यात शिरते.

उपाय क्रमाने पुढीलप्रमाणे. प्रथम सर्व यंत्रे एकाच विस्तारफळीवर घ्यावीत. लॅपटॉप असल्यास क्षणभर चार्जर काढून पाहावे. गुणगुण थांबली तर निदान झाले. त्यानंतर संगणक व यंत्रणा यांच्यात प्रकाशवाहक तार वापरावी किंवा ध्वनितारेत विलगकारी रोहित्र बसवावे. पिनेचा भूमीचा पाय कापणे किंवा तो न लावणे हा उपाय कोणी सुचविल्यास मुळीच मानू नये. गुणगुण जाते हे खरे. पण यंत्रात बिघाड झाल्यास २३० व्होल्टचा दाब त्याच्या धातूच्या पेटीवर येऊन प्राणहानी होऊ शकते.

आम्ही विलगकारी रोहित्र बसवून कॅसेटी पुन्हा उतरविल्या. पट्टा नाहीसा झाला, आणि त्याबरोबर आमचा सिद्धान्तही. मसुदा मागे घेतला. कॅसेटी जपून ठेवल्या होत्या म्हणून हे करता आले. त्या फेकून देऊन केवळ फाइली ठेवल्या असत्या, तर खापरखेड्याच्या बोलीविषयी एक खोटे विधान कायम झाले असते. आणि ज्यांच्याविषयी ते होते, ते वक्ते खुलासा करण्यास उरलेले नव्हते.

६. पडताळणीची रीत

या अनुभवानंतर विभागात मुद्रण ऐकविण्यापूर्वी व उतरविण्यापूर्वी पुढील पाच गोष्टी पाहण्याचा प्रघात ठेवला आहे. त्यांना सगळे मिळून दहा मिनिटेही लागत नाहीत.

पहिली : काहीही न वाजविता अ‍ॅम्प्लिफायरची खुंटी नेहमीच्या पातळीवर आणून स्पीकरजवळ कान न्यावा. गुणगुण असल्यास ती पंख्याची आहे असे मानण्यापूर्वी पंखा बंद करून पाहावा.

दुसरी : परिवर्तकावर नमुनादर दाखविणारा दिवा किंवा आकडा असल्यास ४४,१०० आणि ९६,००० या दरांच्या दोन फाइली पाठोपाठ वाजवाव्यात. आकडा बदलला नाही, तर मध्ये मिश्रक आहे असे समजावे.

तिसरी : उतरविलेल्या प्रत्येक फाइलीत वक्ता गप्प असलेले काही सेकंद मुद्दाम शिल्लक ठेवावेत आणि त्यांचा वर्णपट दीर्घ कालखिडकीने काढावा. शांततेचा वर्णपट हा संपूर्ण जोडणीचा दाखला असतो. विराम कापून टाकलेली फाइल संशोधनासाठी स्वीकारू नये.

चौथी : वर्णपटाची वरची मर्यादा पाहावी. आपल्याकडे सर्वत्र वापरला जाणारा ‘प्राट’ हा कार्यक्रम उघडल्यावर आपण बदल केला नाही तर ५,००० हर्ट्झपर्यंतचाच वर्णपट दाखवितो. दन्त्य ‘च’चे घर्षण बव्हंशी त्याच्या वर असते. मुद्रणाला ९६,००० चा दर आणि पाहणीला ५,००० ची चौकट, हा खर्च व्यर्थ होय. चौकट १०,००० पर्यंत उंचवावी.

पाचवी : ‘जग’ आणि ‘जग’, ‘जरा’ आणि ‘जरा’ या जोड्या एखाद्या विद्यार्थ्याकडून म्हणवून त्यांचे मुद्रण त्याच जोडणीतून, पडद्यावर काहीही न दाखविता, खोलीतील शेवटच्या बाकापर्यंत ऐकवावे आणि विद्यार्थ्यांना दन्त्य कोणता व तालव्य कोणता हे कागदावर लिहावयास सांगावे. मागच्या बाकांवरील उत्तरे चुकू लागली, तर स्पीकरची दिशा बदलावी. उच्च कंप्रतेचा ध्वनी सरळ रेषेत जातो आणि बाजूला झपाट्याने क्षीण होतो. त्यामुळे स्पीकर भिंतीकडे वळलेले असल्यास परिवर्तक कितीही मौल्यवान असला तरी दन्त्य ‘ज’ शेवटच्या बाकापर्यंत पोहोचत नाही.

या पाचही गोष्टींत मोठ्या खर्चाचे काही नाही. उच्च-विभेदनाच्या नावाने होणारा व्यापार आकड्यांवर चालतो, आणि विभागाच्या खरेदीसमितीपुढेही तेच आकडे येतात. आपल्या कामाला लागणारे प्रमाण मात्र मर्यादित आहे: मुद्रणास २४ बिट व ४८,००० किंवा ९६,००० चा दर, अंश न टाकणारी फाइल, बाहेरचा साधा परंतु विश्वसनीय परिवर्तक, आणि भूमिवलयापासून मुक्त अशी तार. यापुढचा पैसा मायक्रोफोनवर आणि खापरखेड्यासारख्या गावी पुन्हा पुन्हा जाण्यावर खर्च व्हावा.

ध्वनिविचारात आपण वक्त्याचे तोंड, हवा आणि श्रोत्याचा कान यांचे वर्णन करतो. आज या साखळीत मायक्रोफोन, संगणक, परिवर्तक, तार, अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर एवढे दुवे नव्याने आले आहेत. त्यांतील प्रत्येक दुवा बोलीच्या अंगी आपला गुण चिकटवू शकतो. प्रबंधात वक्त्याचे वय, गाव आणि व्यवसाय नोंदविण्याची शिस्त आपण पाळतोच; त्याखाली मुद्रणाचे प्रमाण, फाइलीचा प्रकार आणि जोडणीचा मार्ग याही तीन ओळी नोंदवाव्यात, एवढीच विद्यार्थ्यांना आणि सहकाऱ्यांना सूचना आहे.